गाय निरोगी होती

त्या भाद्रपदात आमच्या घरात दोन जिवांची पोटे बिघडली आणि तिसऱ्याला काहीच झाले नाही. भीती मला आजही वाटते ती त्या तिसऱ्याचीच.

पडेगावला, दौलताबादच्या रस्त्यापासून थोडे आत, आमचे घर आहे. पुढून ते शहरातले दिसते: लोखंडी फाटक, फरशी, खिडक्यांना जाळ्या. मागच्या अंगणात मात्र पत्र्याचा गोठा आहे, कडब्याच्या पेंढ्या आहेत आणि एक तांबडी गाय आहे. मोठे दीर आणि जाऊबाई फुलंब्रीकडची शेती वाट्याने लावून शहरात राहायला आले, तेव्हा त्यांनी बरेच सामान मागे ठेवले, गाय मात्र आणली. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. त्यांना मूल झाले नाही. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती त्यांना ‘मोठी आई’ म्हणायची; भूक लागली, पडली, शू आली, की तिच्या तोंडी आधी त्यांचेच नाव यायचे.

धार काढण्याचा अक्कांचा एक क्रम होता. उजाडता उजाडता त्या कोमट पाण्याने कास धुवायच्या, धुवट फडक्याने पुसायच्या आणि मग वासराला सोडायच्या. वासराने ढुशा दिल्या, सड तोंडात घेतले, की गाय पान्हा सोडे. पान्हा आला की वासराला मानेच्या दाव्याने ओढून खुंट्याला बांधायचे आणि तसेच धारेला बसायचे. कास पुन्हा धुवायची नाही.

“आता गार पाणी लागलं की पान्हा चोरती ती,” अक्का म्हणायच्या. “आन् धुवायचं तरी कशापायी? वासराचं तोंड कधी उष्टं नसतंय.”

हे वाक्य त्यांनी त्यांच्या आईकडून घेतले होते, आईने तिच्या आईकडून. मला ते सुंदर वाटे. जगात एक तरी तोंड असे आहे, की ज्याचे उष्टे देवालाही चालते. घरातले बाकी सगळे दूध आम्ही उकळत असू. एक पेला तेवढा कच्चा राही. माझी मुलगी झोपेतून उठून, डोळे अर्धे मिटलेले, अनवाणी गोठ्यात जाई आणि अक्का तिच्या हातात तो धारोष्ण पेला देत. “उकळलं की दुधातला जीव जातो,” त्या म्हणत. गोठ्यात त्या वेळी शेणाचा, ओल्या कडब्याचा आणि कोमट साईचा मिळून एक वास दाटलेला असे. मुलगी पिऊन झाली की गाईच्या पोटाला कान लावून उभी राही. आत कोणीतरी राहते, असे ती सांगे. सामान सरकवते, असे सांगे. आम्ही हसत असू.

वासराला हगवण लागली ती पाऊस थांबून ऊन तापू लागले तेव्हा. पिवळट, पातळ, आंबूस वासाची. त्याची शेपटी मागे चिकटून वाळली होती आणि उभे राहताना त्याच्या मांड्यांची कातडी थरथरे. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. मीठ-साखरेचे पाणी पाजा, ऊब द्या, म्हणाले. अक्का बाटलीने ते पाणी पाजत बसायच्या, लेकराला बोलावे तसे त्याच्याशी बोलत. गाय दावे ताणून मान वळवायची आणि वासराचे मागचे अंग चाटून स्वच्छ करायची. सावकाश, खरखरीत जिभेने, शेवटचा डाग जाईपर्यंत. तीच जीभ मग ती वासराच्या तोंडावरून फिरवायची. माझी मुलगी जवळ गेली की तिचा तळहातही चाटायची.

सकाळचा क्रम मोडला नाही. आजारी असले तरी वासराने तोंड लावल्याशिवाय गाय दूध देत नव्हती.

मग एका सकाळी वासरू दाव्याला हिसका देऊन उधळले, शेपूट वर करून अंगणभर पळाले. अक्कांनी दोन्ही हात जोडले. त्याच सकाळी माझी मुलगी गोठ्यात गेली नाही. ती पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि तिच्या ओठांवर घामाचे बारीक थेंब होते.

आधी पोटात मुरडा, मग पाणी. दुसऱ्या दिवशी तिला न्हाणीत धरून उभी असताना मी खाली पाहिले आणि माझ्या डोक्यातले सगळे आवाज थांबले. पांढऱ्या फरशीवर जे होते त्यात मळ नव्हताच. नुसते लाल, पातळ, आणि त्याला गोठ्यातल्यासारखा वास नव्हता. कसलाच वास नव्हता. मुलगी त्याकडे कुतूहलाने बघत होती. “आई, हे माझं आहे?” तिने विचारले.

शेजारच्या काकू कुंपणापाशी उभ्या होत्या. आम्ही रिक्षात बसत असताना त्या अक्कांना म्हणाल्या, “बघा की, तिकडं वासरू उठलं आन् इकडं पोरगी पडली. वासरावरचं पोरीवर गेलं बाई. उतारा टाका, जिथलं तिथं परत जाईल.”

मला तेव्हा त्या बाईचा राग आला. तिच्या बोलण्यातला एक भाग अक्षरशः खरा आहे, हे मला तासाभरात कळणार होते.

मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्या असतील. त्यांनी मुलीचे पोट हलकेच दाबून पाहिले, खालची पापणी ओढून पाहिली आणि काय खाल्ले हे न विचारता वेगळेच विचारले.

“घरी जनावर आहे?”

“गाय आहे.”

“तान्हं वासरू?”

“आहे.”

“मध्ये त्याला हगवण लागून गेली?”

मी होकार दिला. दारावर येणारा कुडमुड्या जोशी उंबऱ्याबाहेर उभा राहून घरातले सांगतो, तसे वाटले. ती बाई आमच्या घरी कधी आली नव्हती, तरी आमच्या गोठ्यात ती माझ्याआधी जाऊन आल्यासारखी बोलत होती.

“आणि हिला कच्चं दूध देता.” हा प्रश्न नव्हता.

तपासणीला नमुना गेला. उत्तर येण्याआधीच त्यांनी आम्हा नवरा-बायकोला समोर बसवून सांगितले. एक जंतू असतो. त्याच्या जातीचे कितीतरी जंतू तुमच्या-माझ्या पोटात जन्मभर निमूट राहतात. हा त्यांच्यातला वाट सोडलेला. तो आतड्याच्या अस्तराला जाऊन चिकटतो. अस्तरावर गवतासारखी बारीक लव असते, अन्न शोषून घेणारी. तो बसतो तिथली लव झडून जाते. मग ज्या पेशीवर तो बसला, ती पेशीच त्याच्याखाली एक उंचवटा उभारते आणि त्याला वर उचलून धरते.

“म्हणजे पाट मांडते?” मी विचारले.

“हो. तसंच म्हणा. तोच तिला आतून तसं करायला लावतो.”

त्यानंतर कितीतरी वेळ मला दुसरे काही ऐकूच आले नाही. माझ्या मुलीच्या पोटात, अंधारात, तिच्याच शरीराने पंगत मांडली होती. शत्रू भिंत फोडून आला असता तर समजले असते. हा पाहुणा म्हणून आला होता आणि घरानेच त्याला बसायला उंच जागा दिली होती.

“मग गाईला काही कसं होत नाही?” माझ्या नवऱ्याने विचारले.

“वासराला होऊ शकतं, त्याचं आतडं कोवळं असतं. मोठ्या गाईत तो आतड्याच्या शेवटच्या टोकाशी मुक्काम करतो आणि शेणातून बाहेर पडत राहतो. तो विष तयार करतो, पण ते विष धरून ठेवणारी जागा तिच्या आतड्यातल्या रक्तवाहिन्यांना नाही. माणसाला आहे. लहान मुलांच्या किडनीत तर पुष्कळ.”

नवऱ्याने अँटिबायोटिकचे विचारले. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. या जंतूला मारायला जावे, तर मरता मरता तो आणखी विष सोडण्याची भीती. जुलाब थांबवणारे औषध दिले, तर तो आतच कोंडला जाईल.

“मग आपण करायचं काय?”

“पाणी आणि क्षार बेतानं द्यायचे. आणि लघवी होते का बघत राहायचं. किडन्या तगल्या तर मुलगी घरी जाईल.”

अशी ती लढाई होती, जिच्यात हात उचलण्याचीच मनाई होती.

दवाखान्यात राहायला लागून काही दिवस झाले आणि रक्त पडायचे थांबले. मुरडाही थांबला. माझ्या नवऱ्याने गावाकडे फोन करून सांगितले, उतार पडला. डॉक्टरीणबाईंनी मात्र तिचे डोळे पाहिले. पापण्या फुगल्या होत्या. रंग मेणासारखा झाला होता, आतून दिवा लावलेल्या मेणासारखा. पिंढऱ्यांवर बारीक लाल ठिपके उठले होते, जणू कोणी झोपेत येऊन तिला गोंदून गेले. आणि तिला शू होत नव्हती. सकाळी झाली नाही, दुपारी झाली नाही. मी तिच्यासमोर नळ सोडून पाहिला, तिच्या ओटीपोटावर कोमट फडके ठेवले. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, खूप लांबून, नदीच्या पलीकडच्या काठावरून बघावे तशी. तिचे पोट आता इतके शांत होते, की त्या शांततेचीच धडकी भरे. पाहुणा उठून गेला असेल; त्याने सांडलेले आता रक्तातून वाहत होते आणि दोन मुठीएवढ्या चाळण्यांमध्ये जाऊन साचत होते.

शेजारच्या खाटेवर एक बाई तिच्या तापलेल्या मुलाला घेऊन होती. येता-जाता ती विचारायची, “बच्ची को पेशाब हुई क्या, बाजी?” मी मान हलवली की म्हणायची, “हौ, हो जाती. फिकर नक्को करो.” त्या खोलीत सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे लागले होते, जिच्याबद्दल एरवी कोणी चारचौघांत बोलत नाही.

अक्का रोज डबा घेऊन यायच्या आणि दारापाशीच उभ्या राहायच्या. डबा स्टुलावर ठेवून दोन पावले मागे सरायच्या. त्यांचे हात मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ओळखले नाहीत: कोपरापर्यंत लाल, कातडी सोललेली, नखांच्या कडा फाटलेल्या. साबणाने, मग फिनेलने, मग पुन्हा साबणाने त्या दिवसभर हात धूत होत्या, असे दिरांनी सांगितले.

“अक्का, आत या ना.”

“नगं. हितूनच दिसतीय मला.”

“तुम्ही काही मुद्दाम केलं का?”

“गाय लई चांगली हाय गं,” त्या एकदम म्हणाल्या. “तू बघ जाऊन. शेण कसं, भाकरीवाणी पडतंय. रवंथ करती, खाती-पिती. तिच्यात काय असंल तर दिसायला नगं का?”

थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, त्या पुन्हा बोलल्या. “काकू रोज म्हणतीय उतारा टाक. नारळ-लिंबू आणून बी ठिवलं तिनं. मी नाय टाकला.”

“बरं केलंत. असल्या गोष्टींनी...”

“ते नव्हं. जिथलं तिथं परत जाईल म्हणती. म्हंजी वासरावर.” त्यांनी पदराने तोंड पुसले. “ते बी लेकरूच हाय ना.”

कपडे आणायला मी एकदा भर दुपारी घरी गेले. घर बंद होते, ऊन पांढरे पडले होते, आणि मागच्या अंगणात जनावरांचे डॉक्टर दिरांबरोबर उभे होते. त्यांनी गाय तपासली होती. ताप नाही, कास मऊ, डोळे स्वच्छ. तिची कांती त्या उन्हात तांब्याच्या घागरीसारखी झळकत होती.

“निरोगी आहे,” ते म्हणाले. “तीच तर अडचण आहे.”

“इकून टाकू का?” दिरांनी विचारले.

“ज्याला विकाल त्याच्या घरात जाईल. आणि दुसरी आणाल, तिच्यात नसेल कशावरून? हा एका गाईचा रोग नव्हे, भाऊ. येतो, काही आठवडे राहतो, निघून जातो. गाईला पत्ताही नसतो. धार काढण्याआधी, वासरू पाजून झाल्यावर, कास पुन्हा धुवा. आणि दूध उकळा. दुसरं काय सांगू?”

“वासरानं पिल्यावर परत धुवायची?” दीर हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात असे काही होते, की जणू कोणी त्यांना देवाच्या पायांवरचे पाणी ओतून द्यायला सांगितले होते.

ते दोघे फाटकाकडे गेले आणि मी गाईसमोर एकटी उभी राहिले. तिने मान पुढे केली, माझा हात हुंगला. तिचा श्वास गोड होता, चिरलेल्या गवताचा. तिच्या डोळ्यात द्वेष शोधावा तर तिथे आभाळ होते, पत्र्याची कड होती आणि मध्ये मी होते. तिच्या कातडीपलीकडे हातभर अंतरावर तो जंतू असेल किंवा नसेल. तिला त्याचे ओझे नव्हते. तो तिच्यात राहत होता, जसा ओढ्यात गाळ राहतो. ज्याने माझी मुलगी विझत चालली होती, ते इथे कोणाचेच काही बिघडवत नव्हते. मला वाटले, या जगात कदाचित विष असे काही नसतेच. नुसती जागा असते, कुठे ते चिकटते, कुठे नाही. त्या विचाराने माझ्या अंगावर भर उन्हात काटा आला. गाईने जीभ बाहेर काढली. मी हात मागे घेतला आणि कपडे घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताचा अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा पाहिला.

“संध्याकाळपर्यंत वाट बघू,” त्या म्हणाल्या. “लघवी नाही झाली, तर पोटात नळी घालून रक्त धुवावं लागेल. लहान मुलांचं तसंच करतात. घाबरू नका, पण मनाची तयारी ठेवा. आणि रक्ताची एक पिशवी लागेल.”

नवरा रक्ताच्या मागे गेला. दीर त्याच्यासोबत गेले. दुपारी अक्का आल्या, डबा ठेवला, मागे सरल्या. पंखा फिरत होता. मुलगी झोपली होती की नुसती डोळे मिटून होती, सांगता येत नव्हते. तिच्या पापण्यांखाली काहीतरी सावकाश हलत होते. परिचारिकेने मला बाहेर बोलावून एका संमतीपत्रावर सही घेतली. मी परत दारात आले, तेव्हा मुलीने डोळे उघडले होते. ती मला बघत नव्हती. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या अक्कांकडे बघत होती.

“मोठी आई,” ती म्हणाली. आवाज कागदासारखा कोरडा होता. “शू.”

अक्का जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी ते सोललेले हात पदरात गुंडाळले आणि माझ्याकडे पाहिले. इतकी वर्षे मी त्यांना घरातली थोरली म्हणून ओळखत होते. त्यांनी मला कधी काही विचारले नव्हते. फक्त सांगितले होते.

“मी हात लावू?”

“लावा ना, अक्का.”

“लावू मी?”

“मोठी आई, लवकर,” मुलगी कुरकुरली, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात हट्ट होता.

अक्का पुढे झाल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, तिच्या पाठीखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा, आणि तिला उचलले. हवेलाही धक्का लागू नये असे. मी खाटेखालचे भांडे पुढे केले. त्या तिला धरून उकिडव्या बसल्या. शेजारच्या खाटेवरची बाई मुलाला थोपटता थोपटता थांबली. वेळ गेला. मुलीचे डोके अक्कांच्या खांद्यावर कलले, आणि मला वाटले, नुसताच भास झाला असेल तिला. शरीरालाही भास होतात.

मग भांड्याचा तळ ओला झाला.

फार नव्हते. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढे. रंग बिनदुधाच्या, फार वेळ उकळलेल्या चहासारखा. पण ते तिच्या आतून आले होते, त्या दोन बुजलेल्या चाळण्यांमधून.

“हुई?” शेजारून आवाज आला.

“झाली,” मी म्हणाले, आणि मग तिला कळावे म्हणून, “हुई, हुई.”

त्या बाईने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मुलगी आडवी होताच पुन्हा झोपली. परिचारिका धावत आली, भांड्यात डोकावली आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.

त्या आल्या. त्यांनी भांडे अक्कांच्या हातातच उजेडाकडे तिरके करून पाहिले, बराच वेळ. “आज नळी नको,” त्या म्हणाल्या. “अजून काही सांगत नाही हं मी. रात्रीत आणखी व्हायला पाहिजे. पण आज नको.” मग अक्कांच्या हातांकडे त्यांचे लक्ष गेले. “मावशी, या हातांना काहीतरी लावा. एवढं धुवायची गरज नाही. जेवणाआधी आणि गोठ्यातून आल्यावर, बस.”

त्या गेल्यावर परिचारिका म्हणाली, “द्या इकडं, मोजून ठेवते.”

अक्कांनी भांडे दिले नाही. दोन्ही हातांत छातीशी धरून त्या खाटेजवळ उभ्या होत्या. या वेळी अगदी जवळ, गुडघे लोखंडी कडेला टेकतील इतक्या.

“अवो मावशी, ठेवा तरी खाली. सांडेल.”

“नाय सांडत,” अक्का म्हणाल्या. “थांब जरा. गरम हाय अजून.”